संगणक-चित्रणाचे पाठ्यपुस्तक आणि प्रयोगशाळेतील पडदा : हर्न-बेकर यांच्या ग्रंथाचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना

एखादे पाठ्यपुस्तक वर्गात दीर्घकाळ टिकले की त्याची समीक्षा करावी असे सहसा कोणास सुचत नाही. ते अभ्यासक्रमाच्या यादीत असते, ग्रंथालयात त्याच्या अनेक प्रती असतात, प्रश्नपत्रिका काढणारे आणि उत्तरपत्रिका तपासणारे त्याचाच आधार घेतात. नव्या पुस्तकावर परीक्षण लिहिले जाते. जुन्या पाठ्यपुस्तकाचे गुणदोष मात्र सवयीच्या आड जातात. डोनाल्ड हर्न आणि एम. पॉलिन बेकर यांचा ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ हा ग्रंथ याच प्रकारात मोडतो. त्याची पहिली आवृत्ती १९८६ साली, दुसरी १९९४ साली निघाली, आणि दुसऱ्या आवृत्तीचे सी भाषेतील रूप ‘सी व्हर्जन’ या नावाने १९९७ साली प्रेंटिस हॉलने प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील संगणकशास्त्र, संगणक-उपयोजन व अभियांत्रिकी या शाखांच्या अध्यापकांच्या एका पिढीने हा विषय प्रामुख्याने याच रूपातून शिकला व शिकविला. प्रस्तुत लेखाचा विषय हे सी रूपच आहे. नंतरच्या आवृत्त्यांचा विचार आवश्यक तेथे केला आहे.

अन्य विद्याशाखांच्या वाचकांसाठी विषयाची थोडी ओळख येथे दिली पाहिजे. संगणकाचा पडदा म्हणजे आलेख-कागदाप्रमाणे बारीक चौकटींत विभागलेला पृष्ठभाग होय. त्यातील प्रत्येक चौकट म्हणजे पिक्सेल. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके ठरलेले असतात, परंतु ते जोडणारी रेषा हात मोकळेपणाने ओढतो. येथे रेषाही ठिपक्यांतूनच घडवावी लागते. गणितातील रेषेला जाडी नसते आणि तिच्यावर अनंत बिंदू असतात. पडद्यावर मोजके पिक्सेल असतात. त्यांपैकी कोणते उजळावयाचे हा या विषयाचा पहिला प्रश्न. त्रिमिती वस्तू सपाट पडद्यावर आणताना तिचा कोणता भाग दिसेल, कोणता झाकला जाईल आणि दिसणाऱ्या भागावर प्रकाश कसा पडेल, हा दुसरा. हर्न-बेकर यांच्या ग्रंथात दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. आपल्या वर्गांतून मात्र पहिल्याचे उत्तर पाठ झाले आणि दुसऱ्याचे बहुधा नुसते वाचले गेले. याचे कारण काही अंशी ग्रंथात आणि काही अंशी आपल्या प्रयोगशाळांत आहे. ते शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ग्रंथाची रचना

सोळा प्रकरणांचा हा ग्रंथ तळातून वर जाणारा आहे. उपयोजनांचा आढावा आणि यंत्रसामग्रीचा परिचय झाल्यावर तिसऱ्या प्रकरणात रेषा, वर्तुळ, लंबवर्तुळ, बहुभुजाकृती भरणे आणि अक्षरे येतात. चौथ्यात या घटकांचे गुणधर्म, पाचव्यात द्विमिती रूपांतरणे, सहाव्यात द्विमिती दर्शन व कर्तन. नवव्या प्रकरणापासून त्रिमितीचे जग सुरू होते. तेराव्यात दृश्य पृष्ठभाग ओळखण्याच्या पद्धती, चौदाव्यात प्रकाशाची प्रारूपे, पंधराव्यात रंग आणि सोळाव्यात सजीवीकरण असा क्रम आहे.

या क्रमाचा मोठा गुण असा की विद्यार्थ्याला कोठेही जादू दिसत नाही. पडद्यावरील प्रत्येक गोष्ट अखेर पिक्सेल उजळण्याच्या एका क्रियेपर्यंत नेऊन पोहोचविता येते, ही खात्री हा ग्रंथ देतो. जेम्स फोली, आंद्रिएस व्हॅन डॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० चा बृहद्ग्रंथ याहून अधिक सखोल आहे, हे निर्विवाद. पण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील, इंग्रजी वाचनाचा सराव बेताचा असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती तो देणे म्हणजे पोहणे शिकविण्यासाठी समुद्रावर नेणे होते. हर्न-बेकर यांची वाक्ये आखूड आहेत, एका परिच्छेदात एकच कल्पना आहे आणि आकृत्या मजकुराच्या शेजारीच आहेत. निमशहरी महाविद्यालयांत हा ग्रंथ रुजला त्याचे खरे श्रेय या भाषेला दिले पाहिजे. मराठी माध्यमातून बारावी झालेला विद्यार्थीही तो शब्दकोश जवळ न ठेवता वाचू शकत असे.

सूत्रांच्या सिद्धता हा ग्रंथाचा दुसरा गुण. ब्रेसेनहॅम यांची रेषापद्धती घ्यावी. रेषेचा चढ एकाहून कमी असेल तर क्ष एकाने वाढविताना य तसाच ठेवावा की एकाने वाढवावा, एवढाच निर्णय दर पावलाला घ्यावयाचा असतो. खऱ्या रेषेपासून वरचा पिक्सेल किती दूर आणि खालचा किती दूर, या दोन अंतरांच्या फरकाचे चिन्ह पाहून तो घेता येतो. ग्रंथकार हा फरक मांडतात, त्यातील अपूर्णांक घालविण्यासाठी त्याला क्ष-अंतराने गुणतात, आणि प्रत्येक पुढील संख्या मागील संख्येत एक ठराविक पूर्णांक मिळवून मिळते, हे दाखवितात. गुणाकार-भागाकार संपतो, उरते ती बेरीज. एका पानाच्या आसपास संपणारी ही सिद्धता शालेय बीजगणिताच्या पलीकडे जात नाही.

या सिद्धतेमागचा इतिहास मात्र ग्रंथात उमटत नाही, आणि तो उमटावयास हवा होता. जॅक ब्रेसेनहॅम यांनी ही पद्धती १९६२ च्या सुमारास आयबीएममध्ये असताना शोधली आणि ती १९६५ साली ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. ती पडद्यासाठी नव्हतीच. कागदावर लेखणी फिरविणाऱ्या कॅलकॉम्प प्लॉटरसाठी होती. त्या लेखणीला आठच दिशांना एकेक पाऊल टाकता येत असे. ही एक गोष्ट सांगितली की ‘पूर्णांकच का’ आणि ‘आठ अष्टमांशच का’ हे दोन्ही प्रश्न वर्गात आपोआप सुटतात. ग्रंथात ही पद्धती रास्टर पडद्याचे तंत्र म्हणून अवतरते. विद्यार्थी ती आकाशातून पडलेली समजतो आणि मग तिचे पाठांतर करतो.

छापील कार्यविधी

पाठ्यपुस्तकातील आज्ञावली ही विधानाइतकीच जबाबदारीची गोष्ट आहे. विद्यार्थी विधान विसरतो, आज्ञावली टंकित करतो. या दृष्टीने सी रूपातील कार्यविधी तपासल्या असता काही गंभीर त्रुटी आढळतात. त्या मुद्रणदोष नाहीत.

पहिली त्रुटी अगदी लहान आहे. निकटतम पूर्णांक काढण्यासाठी ग्रंथभर ‘राउंड’ नावाची एक व्याख्या वापरली आहे : संख्येत अर्धा मिळवावा आणि दशांश भाग छाटावा. २.७ मध्ये अर्धा मिळविला की ३.२ होतात, छाटले की ३, उत्तर बरोबर. परंतु सी भाषेत छाटणे हे शून्याच्या दिशेने होते. त्यामुळे उणे २.७ मध्ये अर्धा मिळविला की उणे २.२ आणि छाटले की उणे २ येतात. यावयास हवेत उणे ३. पडद्यावर ऋण निर्देशक नसतात, मग बिघडले कोठे, असे कोणी विचारील. आरंभबिंदूभोवती आकृती रचून, फिरवून मग ती पडद्याच्या मध्यभागी सरकविण्याची रीत ग्रंथाच्याच पाचव्या प्रकरणाने शिकविली आहे. सरकविण्याआधी पूर्णांक काढला तर आकृतीची डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब राहत नाही. डीडीए पद्धतीने आरंभबिंदूपासून (१०, ८) पर्यंत रेषा काढली तर पहिल्या पावलाला य ०.८ होतो व त्याचा १ होतो. (−१०, −८) पर्यंत काढली तर −०.८ चा शून्य होतो. एका पिक्सेलचा हा फरक डोळ्याला दिसतो. विद्यार्थ्याने तो पाहिला तर चूक आपल्याच हिशेबात असणार अशी त्याची समजूत होते, कारण छापील पुस्तकात ती असू शकत नाही, असे आपणच त्याला शिकविलेले असते.

दुसरी त्रुटी ब्रेसेनहॅम यांच्या कार्यविधीची आहे. तिच्यात दोन्ही अंतरे निरपेक्ष मूल्य घेऊन काढली आहेत आणि य केवळ वाढविण्याची सोय आहे. म्हणजे ती शून्य ते एक एवढ्याच चढाच्या रेषा बरोबर काढते. मजकुरात ही मर्यादा सांगितली आहे, हे न्यायाने नोंदविले पाहिजे. परंतु निरपेक्ष मूल्य घेतल्यामुळे कार्यविधी कोणतीही रेषा मुकाट्याने स्वीकारते. तिला (२०, १८) पासून (३०, १०) पर्यंतची उतरती रेषा सांगावी. क्ष-अंतर १०, य-अंतर ८. सारे काही नेहमीप्रमाणे चालते आणि रेषा (३०, २६) येथे जाऊन थांबते. दिलेला अंत्यबिंदू रेषेवर नाही, तरीही आज्ञावली तक्रार करीत नाही. निरपेक्ष मूल्य घेतले नसते तर निदान पहिल्याच पावलाला संशय आला असता. उरलेले चढ सममितीने हाताळता येतील, असे ग्रंथकारांनी सुचविले आहे. पण तेच काम स्वाध्याय म्हणून ठळकपणे पुढे ठेवणे आणि चालणारी कार्यविधी म्हणून अपुरी आज्ञावली छापणे यांत अंतर आहे.

तिसरी त्रुटी अधिक उद्बोधक आहे, कारण तिच्यात ग्रंथ आणि आपली प्रयोगशाळा यांची गाठ पडते. लंबवर्तुळाच्या मध्यबिंदू पद्धतीत अर्धअक्षांचे वर्ग आणि त्यांचे गुणाकार लागतात. कार्यविधीत ते साध्या ‘इंट’ प्रकारात ठेवले आहेत. ग्रंथातील उदाहरण अर्धअक्ष ८ आणि ६ यांचे आहे; पहिली निर्णायक संख्या उणे ३३२ येते आणि सर्व सुरळीत पार पडते. आपल्याकडील प्रयोगशाळांत मात्र वर्षानुवर्षे टर्बो सी होते, आणि त्यात इंट सोळा बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७ पर्यंतच. अर्धअक्ष ४० आणि ३० घ्यावेत. पडद्यावर जेमतेम अंगठ्याएवढी आकृती. ४० चा वर्ग १६००, त्याला ३० ने गुणले की ४८,०००. ही संख्या सोळा बिटांत मावत नाही आणि उणे १७,५३६ होऊन बसते. निर्णायक संख्या उणे ४६,७०० यावयाची ती अधिक १८,८३६ येते. चिन्हच उलटल्यामुळे पहिल्याच पावलाला चुकीचा पिक्सेल निवडला जातो. ‘इंट’च्या जागी ‘लाँग’ लिहिले आणि गुणाकार त्याच प्रकारात केले की आकृती सुधारते. ग्रंथकारांनी बत्तीस बिटांचा इंट गृहीत धरला असावा. ते गृहीत त्यांच्या जागी चूक म्हणता येणार नाही. पण ते कोठे नमूद नाही. आणि आपल्याकडे झाले असे की पुस्तकातील उदाहरण चालते, मोठी आकृती चालत नाही, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत पुस्तकातील उदाहरणच उतरवावे, अशी वहिवाट पडली.

याच गाठीची आणखी एक बाजू आहे. ग्रंथात आरंभबिंदू पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे, शालेय आलेखाप्रमाणे. टर्बो सी मध्ये तो डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली वाढतो. त्यामुळे ग्रंथातील चढती रेषा पडद्यावर उतरती दिसते, आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरविलेला त्रिकोण काट्यांच्या दिशेने फिरतो. यावर उपाय एका ओळीचा आहे : पिक्सेल उजळताना य ऐवजी ४७९ वजा य लिहावे. ग्रंथातील सर्व कार्यविधी ‘सेटपिक्सेल’ या एकाच क्रियेवर उभ्या असल्यामुळे ही दुरुस्ती एकाच ठिकाणी करून भागते. रचनेची ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. परंतु ज्या शीर्षक-फाइलीत ही क्रिया असावयाची, तिचे केवळ नाव ग्रंथात येते. ती फाइल प्रत्येक महाविद्यालयाने आपापली लिहावयाची होती. किती ठिकाणी ती लिहिली गेली? बहुतेक ठिकाणी सेटपिक्सेलच्या जागी टर्बो सी मधील पुटपिक्सेल घातले गेले आणि उलटे चित्र तसेच चालू राहिले.

रूपांतरणांच्या मॅट्रिक्सबाबत ग्रंथाला दोष देता येत नाही, पण सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हर्न-बेकर बिंदू स्तंभरूपाने लिहितात व मॅट्रिक्स डावीकडे ठेवतात. रॉजर्स आणि ॲडम्स यांच्या तितक्याच प्रचलित पुस्तकात बिंदू ओळीच्या रूपात येतो व मॅट्रिक्स उजवीकडे. दोन्ही रीती बरोबरच आहेत. दोन्ही पुस्तकांतून टिपणे काढून एकत्र केलेल्या ‘नोट्स’मध्ये मात्र एका पानावर फिरविण्याचे मॅट्रिक्स एका रीतीचे आणि पुढच्या पानावरील गुणाकाराचा क्रम दुसऱ्या रीतीचा, असे घडते.

कागदावर राहिलेला उत्तरार्ध

ग्रंथाचे सामर्थ्य माझ्या मते तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणांत आहे. झाकलेले पृष्ठभाग वगळण्याच्या अनेक पद्धती तेथे शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि वस्तूंच्या पातळीवर विचार करणाऱ्या व पिक्सेलच्या पातळीवर विचार करणाऱ्या पद्धतींतील भेद प्रारंभीच स्पष्ट केला आहे. त्यांतील खोली-साठ्याची पद्धती, जिला सर्वत्र झेड-बफर म्हणतात, एका वाक्यात सांगता येते : प्रत्येक पिक्सेलपाशी आजवर आढळलेल्या सर्वांत जवळच्या पृष्ठभागाची खोली नोंदवून ठेवावी आणि नवा पृष्ठभाग त्याहून जवळ असेल तरच रंग बदलावा. एडविन कॅटमल यांच्या १९७४ च्या युटा विद्यापीठातील प्रबंधात आलेली ही कल्पना त्या वेळी स्मृतीच्या उधळपट्टीची मानली जाई; आज प्रत्येक चित्रण-प्रक्रियकात ती आहे. विद्यार्थ्याने हातांनी लिहावी अशी या विषयात एकच पद्धती निवडावयाची झाली तर ती हीच.

तरीही ती आपल्या प्रात्यक्षिकांच्या यादीत क्वचितच दिसे. कारण हिशेबात आहे. पडदा ६४० बाय ४८० चा, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. प्रत्येकाची खोली दोन बाइटांत ठेवली तरी ६,१४,४०० बाइट लागतात. डॉसमध्ये आज्ञावलीसाठी एकूण ६४० किलोबाइट, म्हणजे ६,५५,३६० बाइट, आणि त्यातच डॉस स्वतः बसलेले. शिवाय टर्बो सी मध्ये साध्या ॲरेला ६४ किलोबाइटांची मर्यादा. पूर्ण पडद्याचा झेड-बफर तेथे अशक्य होता. प्रकाशाच्या प्रारूपांची तीच गत. गूरो यांनी १९७१ साली मांडलेली छटांची पद्धती किंवा फाँग यांची १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धती दाखवावयाची तर एकाच रंगाच्या अनेक छटा हव्यात. टर्बो सी बरोबर येणाऱ्या व्हीजीए ड्रायव्हरच्या या रीतीत एकूण रंगच सोळा.

पण ‘अशक्य’ म्हणून येथे थांबणे योग्य नव्हते, आणि त्याची साक्ष हाच ग्रंथ देतो. झेड-बफरला स्मृती फार लागते, हे सांगून ग्रंथकारांनी दृश्याचा एकेक तुकडा घेऊन लहान साठ्यावर काम भागविण्याचा मार्ग सुचविला आहे. १०० बाय १०० ची खिडकी घेतली तर दोन बाइटांच्या हिशेबाने २०,००० बाइट पुरतात. दोन त्रिकोण एकमेकांत घुसलेले दाखविण्यास एवढी खिडकी पुष्कळ झाली. रंगांची उणीवही चौदाव्या प्रकरणातील हाफटोन व डिदरिंगच्या विवेचनाने भरून निघते. दोन बाय दोन पिक्सेलांचा एक गट धरला की काळ्या-पांढऱ्यातूनही पाच पातळ्या मिळतात, तीन बाय तीन धरला की दहा. रोजच्या वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले की हेच तत्त्व दिसते. म्हणजे उत्तरार्ध प्रयोगशाळेत आणण्याची किल्ली ग्रंथातच होती. दोष ग्रंथाचा एवढाच की ती त्याने प्रात्यक्षिकाच्या रूपात हाती दिली नाही. सहाव्या-सातव्या प्रकरणांपर्यंत कार्यविधी सढळ हाताने छापल्या आहेत. विषय कठीण होत जातो तसतशी आज्ञावली विरळ होते आणि तिची जागा वर्णन व सूत्रे घेतात. विद्यार्थ्याला आधाराची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच तो कमी होतो.

बाराव्या प्रकरणाविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. त्रिमिती दर्शनाचे विवेचन तेथे फिग्ज या मानकाच्या परिभाषेत आहे. १९८९ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली ही प्रणाली आपल्या विद्यार्थ्यांच्या यंत्रांवर कधीच नव्हती. यथार्थदर्शनाचे मूळ सूत्र समरूप त्रिकोणांचे आहे, नववी-दहावीच्या भूमितीतले : दुप्पट दूरची वस्तू निम्मी दिसते. ग्रंथात ते आहेच, पण त्याच्यावर दर्शनप्रतलाचा लंब, ऊर्ध्व सदिश, प्रक्षेपणाचा संदर्भबिंदू आणि तिरकस दर्शनासाठी कातरण यांचे इतके थर एकदम चढतात की मूळ त्रिकोण दिसेनासा होतो. एडवर्ड एंजल यांच्या १९९७ च्या पुस्तकाने उलट मार्ग धरला. आधी ओपनजीएल वापरून एक फिरता घन पडद्यावर आणावयाचा आणि मग एकेक थर उलगडत खाली उतरावयाचे. त्या मार्गात यंत्रणेवर विश्वास ठेवूनच पुढे जावे लागते आणि तळाशी पोहोचण्यापूर्वी सत्र संपते, हा धोका आहे. तरीही दर्शनाच्या प्रकरणापुरता तो मार्ग सरस ठरतो, असे माझे मत आहे.

परीक्षा आणि ग्रंथ

ब्रेसेनहॅम पद्धतीच्या विवेचनात हर्न-बेकर यांनी एक उदाहरण सोडवून दाखविले आहे : (२०, १०) पासून (३०, १८) पर्यंतची रेषा. प्रारंभीची निर्णायक संख्या ६, पुढे १६ मिळवावयाचे किंवा ४ वजा करावयाचे. दहा ओळींचा तक्ता होतो. या तक्त्याने आपल्या लेखी परीक्षेत जे स्थान मिळविले ते ग्रंथकारांच्या स्वप्नातही नसेल. तक्ता तपासण्यास सोपा, गुण देण्यास निर्विवाद, आणि निर्देशक बदलले की नवा प्रश्न तयार. विद्यार्थी तो न चुकता सोडवितो. पण त्याच विद्यार्थ्याला विचारावे की चढ एकाहून अधिक असेल तर तक्त्यातील कोणता स्तंभ एकेकाने वाढेल, तर तो गोंधळतो. कारण निर्णय कशाचा घेतला जात आहे हे त्याला कधी विचारलेलेच नसते.

चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस दंतुरतेवरील उपायांचे फार चांगले विवेचन आहे. आडवी रेषा आणि ४५ अंशांची रेषा सारख्याच संख्येच्या पिक्सेलांनी काढली तर तिरपी रेषा सुमारे १.४१ पट लांब असते, म्हणून तितकीच फिकी दिसते. तिचे पिक्सेल त्या प्रमाणात अधिक उजळ करावेत, असा उपाय तेथे आहे. रेषा कशी काढावी याचे ज्ञान आणि रेषा कशी दिसते याचे भान येथे एकत्र येतात. या भागावर तक्ता करता येत नाही, म्हणून त्यावर प्रश्न येत नाही, आणि प्रश्न येत नाही म्हणून तो वर्गात वाचला जात नाही. हा दोष ग्रंथाच्या माथी मारता येणार नाही. मात्र स्वाध्यायांत ‘अमुक रेषा काढून निरीक्षण नोंदवा’ अशा प्रकारचे प्रश्न अधिक असते तर परीक्षकांनाही दुसरी वाट दिसली असती.

नंतरच्या आवृत्त्या

२००४ ची तिसरी आवृत्ती ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स विथ ओपनजीएल’ या नावाने आली. फिग्ज गेले, ओपनजीएल आले. सेटपिक्सेलची कार्यविधी प्रथमच प्रत्यक्ष छापली गेली. आरंभबिंदूचा घोळही त्यामुळे मिटला. पूर्णांक काढण्याची कार्यविधी मात्र त्याच रीतीने अर्धा मिळवून छाटणारी राहिली, आणि ब्रेसेनहॅम यांच्या कार्यविधीवरील टिप्पणीत चढाचे निरपेक्ष मूल्य एकाहून कमी असावे असे लिहिले गेले. म्हणजे उतरत्या रेषाही तिच्या कक्षेत येतात असा समज व्हावा. कार्यविधी पाहावी तर य अद्यापि वाढतोच आहे. आधीच्या आवृत्तीत मर्यादा निदान बरोबर सांगितली होती.

तंत्रज्ञानाच्या बदलाचाही फटका या आवृत्तीस लवकर बसला. २००४ सालीच ओपनजीएल २.० मध्ये शेडर लिहिण्याची भाषा समाविष्ट झाली, आणि ग्रंथ ज्या पद्धतीवर आधारलेला होता ती बिंदू एकेक करून पाठविण्याची पद्धती २००८ च्या ३.० आवृत्तीत कालबाह्य घोषित झाली. वॉरेन कॅरिथर्स यांच्या सहकार्याने निघालेल्या चौथ्या आवृत्तीत शेडरचे प्रकरण आहे. परंतु एखाद्या प्रणालीच्या गळ्यात गळा घालणारे पाठ्यपुस्तक त्या प्रणालीबरोबर म्हातारे होते, हे येथे पुन्हा दिसले. गंमत अशी की १९९७ च्या रूपातील फिग्जवर न विसंबणारा भाग, म्हणजे तिसरे ते सहावे आणि तेरावे-चौदावे प्रकरण, आज २००४ च्या रूपापेक्षा कमी शिळा वाटतो. पायथन असो वा ब्राउझरमधील कॅनव्हास, एक पिक्सेल रंगविण्याची क्रिया मिळाली की ती प्रकरणे पुन्हा चालू लागतात. स्मृतीचा आणि सोळा रंगांचा अडसर तर आता उरलाच नाही. पूर्ण पडद्याचा झेड-बफर कोणत्याही साध्या लॅपटॉपवर एका प्रात्यक्षिकात बसतो. २००० च्या दशकात सोडून दिलेला उत्तरार्ध आज शिकविता येईल, आणि अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेत ब्रेसेनहॅमचे तीन तास कमी करून ते त्यास द्यावेत, अशी शिफारस मी करीन.

अक्षरांचा प्रश्न

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी अक्षरे कशी काढावीत याचे छोटेसे विवेचन आहे. रोमन ‘बी’ हे अक्षर एकदा आठ बाय आठ चौकटींच्या नक्षीने आणि एकदा बाह्यरेषेच्या वक्रांनी काढून दाखविले आहे. दोन्ही रीतींतील फायदे-तोटे मोजक्या शब्दांत सांगितले आहेत, आणि रोमन लिपीपुरते ते पुरेसेही आहेत. मराठी वर्गात मात्र खरा विषय येथून सुरू होतो.

विद्यार्थ्याला आलेख-कागद देऊन ‘महाराष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’ आठ बाय आठ चौकटींत बसविण्यास सांगावे. तो बसत नाही. वर मात्रा-वेलांटीसाठी, खाली उकारासाठी जागा राखावी लागते. जोडाक्षराला मधल्या पट्ट्यात उभी दाटी होते. नंतर ‘कि’ लिहिण्यास सांगावे : उच्चारात व साठवणीत क आधी, पण पडद्यावर वेलांटी आधी. म्हणजे अक्षरांचा साठ्यातील क्रम आणि चित्रातील क्रम वेगळे असू शकतात. रोमनवर बेतलेल्या विवेचनात हा प्रश्न उद्भवतच नाही. शिरोरेषा तर या ग्रंथातील निम्म्या मुद्द्यांचे प्रात्यक्षिक आहे. ती एका अक्षराच्या चौकटीत संपत नाही, शेजारच्या अक्षराच्या रेषेला एका पिक्सेलचीही फट न ठेवता मिळावी लागते. अक्षर लहान केले की तिची जाडी कोठे एक आणि कोठे दोन पिक्सेल होते. शब्द थोडा फिरविला की ती पायऱ्यांची होते आणि चौथ्या प्रकरणातील दंतुरतेचा सारा भाग समोर उभा राहतो. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुढे पुण्यातील सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले, त्या काळात अभियंत्यांना हेच प्रश्न सोडवावे लागले होते. हर्न-बेकर यांच्याकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांचा ग्रंथ वर्गात घेऊन जाणाऱ्या अध्यापकाने (२०, १०) ते (३०, १८) या रेषेऐवजी शिरोरेषा निवडण्यास कोणाचीही हरकत नाही. तीही एक रेषाच आहे, आणि ती चुकली की विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागत नाही.